मधली रेघ

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यबाई, प्रमुख पाहुणे म्हणून आवर्जून आलेले आंतरमहाविद्यालयीन क्रीडा समितीचे सन्माननीय सचिवसाहेब, व्यासपीठावरचे माझे सहकारी प्राध्यापक, समोर बसलेले पालक, आमचे आजी-माजी खेळाडू, आणि ज्या दोघींना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या पहिल्या रांगेतल्या आमच्या मुली,

वक्त्याने आधी पाहुण्यांविषयी दोन शब्द बोलावेत, मग ज्यांचा निरोप असेल त्यांचे गुण सांगावेत, अशी रीत आहे. ती मला ठाऊक आहे. पण आज मला सुरुवात एका सकाळपासून करू द्या. ती सकाळ सांगितल्याशिवाय मला पुढचं काही सांगता येणार नाही.

त्या वर्षीची स्पर्धा आमच्याच मैदानावर होती आणि दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती. मी उजाडता उजाडता आलो. फाटकाशी क्षणभर डोळे मिटून उभा राहिलो. हा माझा जुना नेम आहे. मग कोठीतून चुन्याच्या फक्कीची गाडी बाहेर काढली आणि धावपट्टीच्या रेघा मारायला घेतल्या. हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही. आमच्या गावच्या शाळेत मैदान म्हणजे शाळेमागची मोकळी जागा होती आणि गुरुजी राखेने रेघ मारायचे. रेघ मारून झाली की ते आम्हाला म्हणायचे, आता हे मैदान झालं. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे, की जागेचं मैदान रेघेने होतं.

मी सगळ्या रेघा मारल्या. एक सोडून. तिसऱ्या आणि चौथ्या लेनमधली रेघ मी मारली नाही. सरळ अंतरावर नाही, वळणांवरही नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, सर विसरले. सर विसरले नव्हते. गेले तीन हंगाम ती रेघ मी मारत नव्हतो.

काम संपवून नळावर हात धुत होतो, तेवढ्यात फोन वाजला. साथीमुळे स्पर्धा रद्द. महाविद्यालय बंद. मैदानाला कुलूप लावून चावी कार्यालयात जमा करायची. त्या वेळी आपल्या सगळ्यांनाच वाटलं होतं, नाही का, की आठवडा-पंधरवड्याचा प्रश्न आहे? मीही तसंच समजून कुलूप लावलं. रेघांवर कुणी पाय देऊ नये म्हणून आडवी बांधलेली दोरीसुद्धा सोडली नाही.

पुढे कितीतरी दिवस मी रस्त्यावरून जाता-येता फाटकाच्या गजांतून आत पाहायचो. रेघा जशाच्या तशा. इतकी वर्षं मी रेघा मारतो आहे, पण इतक्या टिकलेल्या रेघा मी कधी पाहिल्या नव्हत्या. रेघ पुसतात ती पावलं. त्या वर्षी पावलंच नव्हती.

आता पाहुण्यांसाठी थोडं मागे जातो.

आमची वकीलबाई जन्मापासून पाहू शकत नाही. वकीलबाई हे तिचं टोपणनाव. ती प्रत्येक गोष्टीवर वाद घालते म्हणून ते पडलं आणि पुढे ती खरोखरच कायद्याकडे वळली. पहिल्या वर्षाला असताना ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, मला चारशे मीटर धावायचं आहे. मी विचारलं, आधी कधी धावली आहेस का? ती म्हणाली, भीतीने पुष्कळदा, हौसेने एकदाही नाही. ही तिची पहिली ओळख. दुसरी ओळख अशी, की मी फाटकाशी थांबतो हे तिने आठवडाभरात कानांनीच हेरलं. एक दिवस विचारलंन, सर, रोज तिथे थांबून काय करता? मी म्हटलं, डोळे मिटतो. मग काय दिसतं? म्हटलं, काही नाही. तर ही म्हणते कशी, "मग तेवढा वेळ आपण बरोबरीचे."

न पाहणारा धावपटू एकटा धावत नाही. त्याच्या शेजारी एक पाहणारा धावतो. दोघांच्या बोटांत एक आखूड दोरी असते, दोन्ही टोकांना फास असलेली. पावलाला पाऊल आणि हाताला हात जुळवून धावायचं, आणि पाहणाऱ्याने बोलत राहायचं. सरळ आहे, वळण येतं आहे, आत धर, वळण सुटलं. शर्यतीत या जोडीला मिळून दोन लेन देतात. हे काम करायला मी मुलींना विचारलं तेव्हा सगळ्यात आधी जिचा हात वर गेला, तिला बोलण्यावरून वर्गातून रोज बाहेर काढलं जायचं. तिचं नाव आधीपासूनच रेडिओ होतं.

रेडिओचे वडील छापखान्यात काम करतात. ते आज इथे आहेत. यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे त्यांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात. तीच मला सांगायची, आमच्याकडे कुणी हळू बोललं की आई विचारते, काय झालं, भांडलीस का कुणाशी?

आणि काय बोलायची ही मुलगी धावताना! वळण आणि सरळ तर सांगायचीच. त्याच दमात सांगायची, आभाळ भरून आलंय, उंच उडीवाले नुसते बसलेत, डावीकडे प्राचार्यबाई उभ्या आहेत, नवीन चष्मा घेतलाय, जुना बरा होता. बाई, क्षमा असावी. पण वकीलबाई म्हणते, मैदान मला तिने दाखवलं.

मधल्या रेघेचं कारण आता सांगतो. या दोघी तिसऱ्या-चौथ्या लेनमधून धावायच्या. पहिल्या वर्षी सुरुवातीला मी ती मारली होती, आणि वळणावर दोरी सारखी ताणली जायची. कारण लवकर कळेना. मग एकदा मी रेडिओच्या मागून धावत गेलो तेव्हा दिसलं. डोळ्यांना रेघ दिसली की पाय आपोआप तिच्यापासून लांब राहतात. रेडिओ नकळत रेघेपासून दूर सरकायची आणि वकीलबाईचा हात ओढला जायचा. मी ती रेघ पुसली. दुसऱ्या दिवसापासून दोरी सैल पडली आणि दोघी अशा धावू लागल्या, की त्यांच्यात दोरी आहे हे लांबून कळायचंही नाही.

या शर्यतीचा आणखी एक नियम आहे. शेवटच्या रेघेवर पाहणाऱ्याने आधी पोचायचं नाही. तो पुढे गेला तर दोघंही बाद. म्हणून रेडिओ शेवटी "छाती", म्हणजे छाती पुढे काढ, असं ओरडायची आणि अर्धं पाऊल मागे पडायची. तिला याची इतकी सवय झाली, की एकदा दोघी माझ्या घरी आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. रेडिओ थांबली वकीलबाई आधी जाईल म्हणून, आणि वकीलबाई थांबली रेडिओ "उंबरा" म्हणेल म्हणून. शेवटी माझी बायको बाहेर येऊन म्हणाली, आत यायचंय की मीच बाहेर येऊ?

ते त्यांचं शेवटचं वर्ष होतं. आदल्या हंगामात त्या दुसऱ्या आल्या होत्या, आणि पहिली आलेली जोडी शिक्षण संपवून गेली होती. मी कुणालाही विजयाची हमी देत नाही, देवाकडेही विजय मागत नाही. फाटकाशी उभा राहून एवढंच मागतो, की आज कुणी पडू नये. पण तुम्हाला सांगतो, त्या सकाळी फक्कीची गाडी ढकलताना मी मनातल्या मनात उद्याची शर्यत पाहत होतो. आणि मला त्या दोघी पुढे दिसत होत्या.

मग तो बंदीचा काळ आला. एकमेकांपासून अंतर ठेवा, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. आवश्यकच होतं ते. वकीलबाईची आई नर्स आहे. तिने आपली खोली वेगळी केली होती आणि ती मुलीशीसुद्धा दाराआडून बोलायची. पण जिचा सगळा खेळच एका वीतभर दोरीवर आहे, तिने अंतर कसं ठेवायचं? मी दोघींना सांगितलं, आपापल्या घरी व्यायाम चालू ठेवा. त्या हो म्हणाल्या. प्रत्यक्षात त्या काय करत होत्या, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

वकीलबाई गच्चीवर जायची. दोरीचा एक फास कठड्याच्या गजाला बांधायची, दुसरा आपल्या बोटांत घालायची. फोन कमरेला लावायची आणि जागच्या जागी धावायची. आणि तिकडे रेडिओ आपल्या घरी जिन्याच्या पायरीवर बसून तिला पूर्ण शर्यत सांगायची. सुटलो, सरळ, सरळ, वळण येतंय, आत धर, आत. कुलूपबंद मैदान ती माणसांनी भरून टाकायची. आज गर्दी आहे, उंच उडीवाले तसेच बसलेत, सर फाटकाशी डोळे मिटून उभे आहेत, बाईंनी जुना चष्मा घातलाय. आणि शेवटी "छाती" म्हणून ओरडायची, असं, की शेजारचे खिडकी उघडायचे. रोज एक शर्यत व्हायची. रोज दोघी पहिल्या यायच्या.

मित्रहो, हंगाम म्हणजे काय, याचा मी त्या काळात पुष्कळ विचार केला. पुस्तकं पुढच्या वर्षी वाचता येतात, परीक्षा पुढे ढकलता येते. पण अंगाचा एक काळ असतो, तो आला की आला. आमचा भालाफेकवाला, ज्याची फेक त्या वर्षी कुठे लांब जायला लागली होती, आता घरोघर सामान पोचवतो. तो आज आला आहे, मागे उभा आहे, त्याला अजून दोन ठिकाणी जायचंय. आमच्या लांब उडीच्या मुलीला बुडालेल्या हंगामाबद्दल समितीकडून जादाचं वर्ष मिळालं, पण घरात मिळवणारं माणूस उरलं नव्हतं, म्हणून ती ते घेऊ शकली नाही. आणि ज्यांनी जादाचं वर्ष घेतलं, त्यांच्यामुळे मागून आलेली मुलं बाकावर बसली. बाकावर बसलेल्यांचं वर्ष कुणी मोजलं? मी कुणाला दोष देत नाही. समितीने जमेल तेवढं केलं. एका चादरीत किती पाय झाकायचे, हा प्रश्न होता.

सचिवसाहेब, आता तुमच्याविषयी बोलतो, तुमची अनुमती गृहीत धरून.

ज्यांचा शेवटचा हंगाम बुडाला त्यांना आणखी एक हंगाम खेळता येईल, असा निर्णय समितीने घेतला. वकीलबाईला ते वर्ष मिळालं. रेडिओला मिळालं नाही. ती धावपटू म्हणून नोंदलेली नव्हती, सहायक म्हणून नोंदलेली होती. सहायक हा महाविद्यालयाचा चालू विद्यार्थी असला पाहिजे, आणि तिची पदवी तर झाली होती. मी तुम्हाला भेटलो. तुम्ही मला चहा दिलात, माझं सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, सर, सहायकाचा हंगाम नसतो, मग तो बुडेल कसा? नियमाला धरूनच बोलत होतात तुम्ही. मी घरी आलो आणि दोन घास जेवून उठलो.

उत्तर वकीलबाईने दिलं. समितीची बैठक तेव्हा पडद्यावर व्हायची. तिने बोलायला वेळ मागितला आणि तुम्ही तो दिलात, याबद्दल मी तुमचा कायमचा ऋणी आहे. मला वाटलं होतं, ती नेहमीप्रमाणे लांबलचक वाद घालील. ती एवढंच बोलली.

"साहेब, आमच्यातली एक पडली तर दोघी बाद होतो. दोरी सुटली तर दोघी बाद. ती माझ्या पुढे गेली तर दोघी बाद. बाद होताना आम्ही दोघी असतो, मग हंगाम बुडताना मी एकटी कशी?"

मग सचिवसाहेबांचा आवाज आला, की हे बरोबर आहे. पुढे नियमात एक ओळ वाढली. साहेब, तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने कदाचित तिला टाळलं असतं. तुम्ही टाळलं नाहीत. आज मी जे सांगणार आहे त्याने त्या निर्णयाचं मोल तसूभरही कमी होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नियम बदलल्याचं मला सकाळी कळलं. मैदान उघडून थोडेच दिवस झाले होते. गवत गुडघाभर वाढलं होतं, ते काढून मी रेघा नव्याने मारल्या होत्या. एक सोडून. मी दोघींना फोन केला आणि म्हटलं, ताबडतोब या. सांगायचं ते समोरच सांगेन म्हणून मी लहान मुलासारखा फाटकाशी वाट बघत उभा होतो.

दोघी आल्या. मी बातमी सांगितली. रेडिओने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली, पण बोलली काहीच नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. रेडिओ आणि गप्प! वकीलबाई मात्र लगेच बोलली. म्हणाली, सर, आभारी आहे, पण या वर्षी मी धावणार नाही, मला प्रवेश परीक्षेचा अभ्यास आहे. मी थक्क झालो. जिने त्या हंगामासाठी अख्ख्या समितीला गप्प केलं होतं, ती आता तो नको म्हणत होती. मी समजावलं. तिने मुद्दे मांडले, एक, दोन, तीन. सगळे बरोबर होते आणि एकही खरा वाटत नव्हता.

रेडिओने सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून दोरी काढली, एक फास वकीलबाईच्या बोटांत घातला आणि म्हणाली, चल, एक फेरी. बाकीचं नंतर.

त्या धावल्या. मी आतल्या गवतावरून त्यांच्या बरोबरीने पळत होतो. सुरुवातीच्या सरळ अंतरावर रेडिओचा आवाज आला, सरळ, सरळ, हात मोकळा सोड. तोच आवाज. मग वळण आलं. वळणाच्या तोंडाशी ती म्हणाली, "वळण येतंय, आत..." आणि आवाज थांबला.

ती धावत होती. पावलं जुळलेली होती. पण तिला धावायला श्वास पुरत होता, किंवा बोलायला पुरत होता. दोन्हीला पुरत नव्हता.

आजारपण तिच्या घरी येऊन गेलं होतं, हे मला माहीत होतं. सगळे बरे झाले, तीही बरी झाली, असंच मी ऐकलं होतं, आणि देवाचे आभार मानले होते. फोनवर ती बोलायची तेव्हा पायरीवर बसून बोलायची. बसलेल्या माणसाचा श्वास किती उरला आहे, हे कुणाला कळणार?

न पाहणाऱ्या धावपटूला आवाज थांबल्यावर काय वाटत असेल, याची कल्पना मी करू शकत नाही. वकीलबाई काही पावलं तशीच धावली. मग तिने वेग कमी केला, थांबली, वाकली आणि पोटरी धरून म्हणाली, थांब गं, माझ्या पायात गोळा आलाय. रेडिओ तिच्या शेजारी खाली बसली आणि तिची पोटरी चोळू लागली. बोलायला तिला अजून जमत नव्हतं. नुसती चोळत होती.

त्या सकाळी कुणी पडलं नाही. फाटकाशी उभा राहून मी रोज जेवढं मागतो, तेवढं मला मिळालं होतं, शब्दशः. देवाशी माझं भांडण नाही. पण दुसऱ्या दिवशी येताना मी फाटकाशी थांबलो नाही.

नंतर रेडिओ एकटी माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, तिच्या पायात गोळा आला नव्हता. गोळा आला की ती शिव्या देते. आज एकही दिली नाही."

आणि त्याच आठवड्यात वकीलबाईही एकटी आली, आईचा हात धरून. आईला बाहेर थांबवून ती आत आली. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? ती म्हणाली, गच्चीवरच्या शर्यतींपासून.

"आधी ती वळणावर श्वास घ्यायची नाही, सर. बरी होऊन पुन्हा बोलायला लागली, तेव्हापासून घ्यायला लागली. मला वाटलं, समितीचा निर्णय यायला उशीर लागेल, तोवर सुधारेल. तुम्ही निर्णय लवकर आणलात."

मी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

मग मी माझं काम केलं. प्रशिक्षकाने जे करायला हवं ते केलं. मी तिला म्हटलं, संघातल्या दुसऱ्या मुली तयार आहेत. एक तर फार चांगली धावते, महिनाभरात जुळेल. तुझं वर्ष वाया घालवू नकोस. तिने तेही शांतपणे ऐकलं. एका संध्याकाळी त्या मुलीबरोबर एक फेरी धावलीसुद्धा, माझा शब्द मोडायला नको म्हणून. फेरी चांगली झाली. वळणं नीट सांगितली गेली. दोरी बोटांतून काढून तिने त्या मुलीचे मनापासून आभार मानले, आणि मग मला म्हणाली, सर, मला धावता येतं हो कुणाबरोबरही. पण ते वर्ष मी दोघींचं म्हणून भांडून घेतलंय. एकटीने वापरलं तर मी त्या दिवशी खोटं बोलले असं होईल.

मी वाद घातला नाही. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकलंय?

डॉक्टर म्हणाले होते, श्वास परत येईल, पण घाई करू नका, चाला. म्हणून दोघी चालू लागल्या. रोज सकाळी, त्याच दोन लेनमधून, बोटांत तीच दोरी घालून. रेडिओ चालता चालता थोडं थोडं बोलायची. दम लागला की गप्प व्हायची. आणि मी काय पाहिलं सांगू? आता वकीलबाई अर्धं पाऊल मागे चालायची. रेडिओच्या मागे. नियम उलटा करून.

मी आशा सोडली नव्हती. एक दिवस रेडिओ वळणावर न थांबता बोलली. मी लांबून टाळी वाजवली, तर तिने ओरडून सांगितलं, "सर, टाळ्या शर्यत संपल्यावर!" आणि मग पुढच्या सरळ अंतरावर तिला बाकावर बसावं लागलं. असे दिवस गेले. श्वास येत होता, सावकाश. पण हंगाम श्वासासाठी थांबत नाही. सचिवसाहेबांनी प्रवेशिकांची मुदत एकदा वाढवून दिली, कुणालाही न सांगता. साहेब, मला ते माहीत आहे. पुन्हा वाढवा, असं मी मागितलं नाही. दुसऱ्यांच्या मुलींनाही धावायचं आहे.

आज ती मुदत संपते.

या दोघींनी मला हे सगळं इथे सांगायची परवानगी दिली आहे. वकीलबाईने एक अट घातली, सरांनी रडायचं नाही. मी अट ऐकून घेतली, मान्य केलेली नाही. रेडिओनेही एक अट घातली, की मला बिचारी म्हणायचं नाही. ही अट मी पाळतो. जी मुलगी पायरीवर बसून, उरलेल्या श्वासाने, कुलूपबंद मैदान माणसांनी भरून टाकते, ती बिचारी कशी असेल?

वकीलबाई पुढच्या आठवड्यात कायदा शिकायला दुसऱ्या शहरात जाते आहे. रेडिओ आपल्या वडिलांच्या छापखान्याच्या कचेरीत कामाला लागली आहे. तिथे यंत्रांमुळे मोठ्याने बोलावं लागतं, म्हणजे तिथलं कुणी तक्रार करणार नाही. दोरी कुणी ठेवायची यावरून काल माझ्यासमोर भांडण झालं. रेडिओ म्हणाली, तू ने, तुला उपयोगी पडेल. वकीलबाई म्हणाली, माझ्याकडे ती खुंटीला टांगलेली मला दिसणार नाही, तुझ्याकडे तुला रोज दिसेल, तेव्हा तू ठेव. निकाल वकीलबाईच्या बाजूने लागला. आजवर तिच्या बाजूने लागलेल्या निकालांतला हा मला सगळ्यात जड गेला.

मुलींनो, तुम्हाला मी चषक देऊ शकलो नाही. बाईंनी दिलेला हा फुलांचा गुच्छ दोघींत एकच आहे, हे बरं झालं. तुमच्यानंतर अशी जोडी आली तर मी तिला तुमची गोष्ट सांगेन, आणि ती रेघ पुन्हा पुसेन. तोवर त्या दोन लेन ज्यांच्या आहेत त्यांना दिल्या पाहिजेत. बाकावर बसलेली मुलं आहेत. त्यांनीही एक वर्ष वाट पाहिली आहे.

प्राचार्यबाई, तुम्ही मला बोलायला वेळ दिलात, आणि चष्म्याचं ऐकूनही हसलात. सचिवसाहेब, तुम्ही आलात. रेडिओचे वडील, माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून मी मोठ्याने बोललो, इतरांना त्रास झाला असेल. नर्सताई, तुम्ही रात्रपाळी करून न झोपता आलात. तुम्हा सर्वांचे मी हात जोडून आभार मानतो. मी खेड्यातल्या शाळेत शिकलेला माणूस आहे, सभेत कुठे थांबावं हे मला नीट उमगत नाही. बोलण्यात कुठे जास्त-कमी झालं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर ते माझं उणं समजून पोटात घाला.

आता एकच सांगायचं राहिलं.

आज सकाळी मी लवकर मैदानावर आलो. फाटकाशी थांबलो, पुष्कळ दिवसांनी. डोळे मिटले, काही मागितलं नाही. मग कोठीतून फक्कीची गाडी काढली, सुतळी ताणून बांधली, आणि तिसऱ्या आणि चौथ्या लेनमधली रेघ मारली. सरळ अंतरावर मारली, दोन्ही वळणांवर मारली, आणि जिथून सुरू केली होती तिथे नेऊन पुरी केली.